‘मोडशी’ ते ‘मॉर-द-शियाँ’ : एका विलुप्त वैद्यकीय शब्दाची कुळकथा

१

अठराव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानात काम करणाऱ्या इंग्रज शल्यवैद्यांच्या लेखनात ‘मॉर-द-शियाँ’ हे रोगनाम वारंवार भेटते. शब्द वरकरणी फ्रेंच आहे आणि त्याचा फ्रेंच अर्थ ‘कुत्र्याचे मरण’ असा होतो. वांती, जुलाब आणि पेटके यांनी काही तासांत माणसाचा अंत घडवणाऱ्या रोगाला हे नाव शोभून दिसते. त्यामुळे नाव कोठून आले असा प्रश्न ते वापरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना पडला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा शब्द इंग्रजी वैद्यकातून मावळला. त्याची जागा ‘कॉलरा’ने घेतली आणि तो कोशांपुरता उरला.

या शब्दाचा फ्रान्सशी असलेला संबंध मात्र केवळ वेशापुरता आहे. फ्रेंच रूपामागे पोर्तुगीज ‘मोर्देशिम्’ आहे आणि पोर्तुगीज रूपामागे कोकणी-मराठी ‘मोडशी’. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांच्या १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात ही वंशावळ प्रथम साधार मांडली गेली. पुढे मूळचे गोव्याचे भाषापंडित सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनी आपल्या पोर्तुगीज-आशियाई शब्दकोशात (१९१९-२१) पोर्तुगीजच्या बाजूने तिचा परामर्श घेतला. म्हणजे व्युत्पत्तीचा प्रश्न म्हणून हे प्रकरण मिटलेले आहे.

ते पुन्हा उघडण्याचे कारण वेगळे आहे. या शब्दाच्या उगमाचा प्रश्न आणि पटकीचा रोग हिंदुस्थानात केव्हापासून होता हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात एकमेकांत गुंतले. शब्दाचे मूळ विसरले गेले तेव्हा त्याबरोबर रोगाचा जुना इतिहासही दृष्टीआड झाला. शब्दाचे मूळ सापडले तेव्हा त्याच शब्दावर त्या इतिहासाचा भार टाकण्यात आला. एक शब्द इतका भार पेलू शकतो काय, हा येथील विचाराचा विषय आहे.

२

या शब्दाचा लेखी प्रवास गोव्यात सुरू होतो. गास्पार कोरैया या पोर्तुगीज बखरकाराने १५४३ साली गोव्यात पसरलेल्या एका मारक साथीचे वर्णन केले आहे. स्थानिक लोक तिला ‘मोरेशी’ म्हणतात अशी नोंद तो करतो. तान्ह्या मुलांपासून ऐंशीच्या घरातील वृद्धांपर्यंत कोणालाही तिने सोडले नाही. मृतांसाठी वाजणाऱ्या घंटांचा नाद इतका अखंड झाला की गव्हर्नरने घंटा वाजवण्यासच मनाई केली. मार्तिम आफोंसु द सौझा हा त्या वेळचा गव्हर्नर होता. इस्पितळात या रोगाने दगावलेल्या एका माणसाचे शव वैद्यांकडून उघडवून पाहण्यात आले, परंतु आकसून सुरकुतलेल्या जठराखेरीज त्यांना काही आढळले नाही. पाश्चात्त्य वैद्यकाला या रोगाचे कारण मृतदेहात सापडले नाही. त्याच्या हाती आले ते फक्त नाव, आणि तेही स्थानिकांकडून.

वीस वर्षांनी, १५६३ साली, गार्सिया द ओर्ता याचा औषधींवरील संवादग्रंथ गोव्यातच छापला गेला. १५३४ पासून हिंदुस्थानात वास्तव्य करणारा, मुंबई बेटाचा काही काळ पट्टेदार असलेला हा वैद्य नावांच्या बाबतीत विलक्षण दक्ष होता. त्याच्या ग्रंथात ओर्ता आणि नुकताच युरोपातून आलेला रुआनो यांच्यात संभाषणे चालतात. सतराव्या संवादात ‘कोष्ठ’ या वनस्पतीची चर्चा चालू असताना एक नोकर निरोप घेऊन येतो : एका सरदाराच्या भावाला ‘मोर्शी’ झाली आहे, वैद्याने त्वरित यावे. चर्चा तुटते आणि रोग ग्रंथात प्रवेश करतो.

येथे ओर्ता जे करतो ते शब्देतिहासाच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. तो एका रोगाची नावे ओळीने ठेवतो. लॅटिन परंपरेतील ‘कोलेरिका पासिओ’, अरबांचे नाव, एतद्देशीयांचे ‘मोर्शी’, आणि शेवटी पोर्तुगिजांनी वापरलेले ‘मोर्देशी’. हे शेवटचे रूप आपल्या लोकांनी केलेला अपभ्रंश आहे, असे तो स्वतःच सांगतो. म्हणजे १५६३ साली मूळ रूप आणि बिघडलेले रूप यांतील अंतर एका युरोपीय लेखकाला स्पष्ट दिसत होते. पुढील तीन शतकांत झालेल्या विस्मरणाची मोजदाद या बिंदूपासून करावी लागते.

ओर्ताचे रोगवर्णनही नेमके आहे. बुडालेली नाडी, थंड पडलेली त्वचा, गार घाम, खोल गेलेले डोळे, न शमणारी तहान, पायांत येणारे गोळे. हा रोग येथे युरोपातल्यापेक्षा तीव्र असतो आणि पुष्कळदा चोवीस तासांत मारतो, असे तो नोंदवतो. स्थानिक वैद्य मिरे आणि जिरे घातलेली पेज देतात आणि पायांना डाग देतात, हेही त्याने लिहून ठेवले आहे. या साऱ्या तपशिलात एक ताण आहे. ओर्ता रोगाला ग्रीक-लॅटिन नाव देऊन ओळखीच्या चौकटीत बसवतो आणि त्याच वेळी हा त्या चौकटीतला नेहमीचा रोग नव्हे असेही सांगतो. ‘मोर्शी’ हे स्थानिक नाव त्याला का लागते, याचे उत्तर या तफावतीत आहे. जे ‘कोलेरिका पासिओ’त मावत नाही ते ‘मोर्शी’त ठेवावे लागते.

१५६७ साली क्लुसियसने या ग्रंथाचा लॅटिन संक्षेप अँटवर्पहून प्रसिद्ध केला आणि युरोपातील विद्वानांनी ओर्ताला वाचले ते मुख्यतः त्या संक्षेपातून. संक्षेपात संवादाचे रूप गळाले. नोकराचा निरोप, वैद्याची घाई आणि नाव प्रथम उच्चारणाऱ्याचा आवाज जाऊन वस्तुपर माहिती तेवढी उरली. शब्दाचा उच्चार करणारा माणूस संहितेतून नाहीसा होण्याची ही पहिली पायरी होती.

३

‘मोडशी’चे ‘मोर्देशिम्’ कसे झाले हे ध्वनिदृष्ट्या समजण्यासारखे आहे. मराठी-कोकणीतील दोन स्वरांमधला ‘ड’ जिभेच्या झटक्याने उच्चारला जातो. पोर्तुगीज कानाला तो ‘र’ आणि ‘द’ यांच्या सीमेवर ऐकू येतो. ‘मोर्शी’ या रूपात त्यातला ‘र’ आला आणि ‘मोर्देशी’ या रूपात ‘र’ व ‘द’ दोन्ही आले. ‘श’ हा ध्वनी पोर्तुगीजमध्ये होताच. शेवटचा अनुनासिक हा तर पोर्तुगीज जिभेचा शिक्काच आहे. ‘वसई’चे ‘बासाइम्’ आणि ‘पालखी’चे ‘पालांकिम्’ ज्या सवयीने झाले त्याच सवयीने ‘मोर्देशी’चे ‘मोर्देशिम्’ झाले. पोर्तुगीजमध्ये ‘मोर्देर’ म्हणजे चावणे. पोटात चावा घेणाऱ्या रोगाचे नाव म्हणून मधला ‘द’ या क्रियापदाच्या ओढीने बळावला असण्याची शक्यताही नाकारता येत नाही. तसे असेल तर अर्थ लावण्याची धडपड पोर्तुगीज टप्प्यावरच सुरू झाली होती.

इंग्रजी छापील पुस्तकात हा शब्द १५९८ साली दिसतो. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात आर्चबिशपच्या चाकरीत असलेल्या लिन्स्खोतेन या डच प्रवाशाचा ग्रंथ त्या वर्षी इंग्रजीत उतरला. माणसावर चोरपावलांनी येणारा आणि शरीरातले सारे बाहेर काढायला लावणारा रोग म्हणून ‘मोर्देशिन’ त्यात वर्णिला आहे. त्यानंतर जॉन फ्रायर हा ईस्ट इंडिया कंपनीचा शल्यवैद्य १६७०च्या दशकातील आपल्या प्रवासवृत्तात ‘मोर्डिशीन’ हे पोर्तुगिजांनी दिलेले नाव आहे असे म्हणतो. ही नोंद महत्त्वाची आहे. ओर्ताने ज्याला एतद्देशीयांचा शब्द म्हटले तो शतकभरात पोर्तुगिजांचा शब्द झाला. १६८९ मध्ये सुरतेला आलेला ओव्हिंग्टन आणखी एक वर्णरूप देतो आणि रोगाचे कारण म्हणून अतिभोजन, विशेषतः मासे व मांस एकत्र खाणे, याकडे बोट दाखवतो. फ्रेंच प्रवासी तेव्नो तर पोटशुळाच्या चार प्रकारांना मिळून पोर्तुगीज हे नाव देतात असे सांगतो. शब्द जसजसा भाषा ओलांडतो तसतसे त्याचे रूपच नव्हे, तर त्याच्या अर्थाचे क्षेत्रही हलते.

निर्णायक वळण फ्रेंचमध्ये येते. १७०२ सालच्या जेझुइट पत्रसंग्रहातील एका पत्रात अशी नोंद आहे की, हिंदुस्थानात ज्या मोठ्या अजीर्णाला ‘मोर्देशिन’ म्हणतात त्याला काही फ्रेंच लोक ‘मॉर-द-शियाँ’ म्हणू लागले आहेत. येथे दोन्ही रूपे शेजारी शेजारी उभी आहेत. शब्दाचा वेशपालट होताना पाहणारा साक्षीदार क्वचितच मिळतो, तो येथे मिळाला आहे. फ्रेंचमध्ये ‘मॉर’मधला शेवटचा ‘त’ लिहिला जातो पण उच्चारला जात नाही, आणि ‘शियाँ’ अनुनासिक आहे. म्हणून कानाला फारसा फरक न जाणवता डोळ्याला सर्वस्वी नवा अर्थ दिसू लागला.

४

अशा घटनेला भाषाशास्त्रात ‘लोकव्युत्पत्ती’ म्हणतात. ही संज्ञा फर्स्टेमान या जर्मन पंडिताने १८५२ मध्ये रूढ केली. सोस्यूरने आपल्या व्याख्यानांत तिला सादृश्यापासून वेगळे काढले. सादृश्याने नवे रूप घडते तेव्हा जुने रूप विसरले गेलेले असते. लोकव्युत्पत्तीत मात्र जुन्या रूपाची धूसर आठवण हाच प्रारंभबिंदू असतो, असा त्याचा युक्तिवाद आहे.

‘मॉर-द-शियाँ’च्या बाबतीत हा भेद तपासून पाहण्यासारखा आहे. सोस्यूरची मांडणी एका भाषेच्या आतल्या घडामोडींना लागू पडते. जुना शब्द त्याच भाषेचा असतो आणि बोलणाऱ्यांच्या स्मृतीत तो कोठेतरी शिल्लक असतो. येथे फ्रेंच भाषकाला आठवण्यासारखे काही नव्हतेच. त्याच्याजवळ होता तो परक्याच्या तोंडून आलेला ध्वनी, तोही दुसऱ्या परक्याच्या तोंडून गेलेला. चिन्हक होते, चिन्हित म्हणून समोर मरणारा माणूस होता, पण त्या दोहोंना जोडणारी भाषिक व्यवस्था त्याच्या कक्षेबाहेर होती. त्या रिकाम्या जागी त्याने आपल्या भाषेची व्यवस्था बसवली. म्हणून आंतरभाषिक लोकव्युत्पत्तीला धूसर स्मृती न म्हणता अर्थशून्यतेवरचा उपाय म्हणणे अधिक योग्य ठरेल. यादृच्छिक चिन्ह सहन न होणे, त्याला सहेतुक करून घेणे, हा तिचा गाभा आहे.

हा उपाय निरागस असला तरी त्याचे परिणाम निरागस नसतात. ‘मोर्देशिन’ या दुर्बोध रूपात आपण परभाषेतून आलो आहोत ही खूण शाबूत होती. कोणी विचारले असते तर ते रूप आपले मूळ सांगू शकले असते. ‘मॉर-द-शियाँ’ने ही खूण पुसली, कारण अर्थपूर्ण शब्दाला कोणी कूळ विचारत नाही. या नावाने रोग्याचे स्थानही बदलले. ‘मोडशी’ शरीराच्या मोडून पडण्याविषयी बोलते. ‘कुत्र्याचे मरण’ रोग्याच्या प्रतिष्ठेविषयी बोलते. मराठीतही कुत्र्याच्या मौतीने मरण्याचा वाक्प्रचार आहे, पण तो शापवाणीतला आहे, रोगनिदानातला नव्हे.

इंग्रजीत हे फ्रेंच रूप स्थिरावले त्याचा एक चांगला पुरावा चार्ल्स कर्टिस या आरमारी शल्यवैद्याच्या लेखनात आहे. १७८२-८३ मध्ये मद्रासच्या नौदल रुग्णालयात त्याने पाहिलेल्या रोगांचा वृत्तांत १८०७ साली एडिंबरोहून प्रसिद्ध झाला, आणि तेथे हे नाव चालू संज्ञा म्हणून येते. जेम्स जॉन्सनने १८१३ मध्ये ‘मॉर-द-शियाँ’ म्हणजे कॉलरा मॉर्बसचीच तीव्रतम अवस्था, असा निर्वाळा दिला. म्हणजे दोन नावे एकाच रोगावर मांडून त्यांतले एक अनावश्यक ठरवले. शब्दाच्या निवृत्तीची ही पूर्वसूचना होती.

याच सुमारास एक वेगळा आवाज मुंबईत उमटला. आर. ड्रमंड याने १८०८ साली गुजराती, मराठी आणि इंग्रजी या भाषांच्या व्याकरणावर एक पुस्तक लिहिले. त्यात तो गुजराती ‘मोरची’ आणि मराठी ‘मोडी’ ही रूपे देतो, त्यांचे लक्षणवर्णन करतो, आणि लोक याच रोगाला जणू फ्रान्सहून आलेल्या नावाने ओळखतात, असे सुचवतो. ओर्तानंतर जवळजवळ अडीचशे वर्षांनी शब्दाच्या दोन टोकांना पुन्हा एकत्र आणणारी ही नोंद आहे. ती एका वैद्यकीय ग्रंथात नसून भाषेच्या पुस्तकात आहे, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. जो मराठी-गुजराती ऐकत होता त्यालाच फ्रेंच वेशातला देशी शब्द ओळखता आला.

५

१८१७ च्या ऑगस्टमध्ये बंगालमधील जेसोर येथे पटकीचा भीषण उद्रेक झाला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात बुंदेलखंडात तळ दिलेल्या गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जच्या सैन्याची या रोगाने दाणादाण उडवली. १८१८ मध्ये साथ मुंबई इलाख्यात पोचली आणि १८३१-३२ मध्ये दुसऱ्या लाटेत ती ब्रिटनमध्ये उतरली. रोगाचा हा जगभर संचार अभूतपूर्व होता. त्यावरून हा रोगच नवा आहे, १८१७ पूर्वी हिंदुस्थानात तो साथीच्या रूपात नव्हताच, असे मत बळावले. आता त्याला ‘एशियाटिक कॉलरा’ हे नाव मिळाले. १८६६ च्या कॉन्स्टँटिनोपल येथील आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेने त्याचे उगमस्थान म्हणून गंगेच्या खोऱ्याकडे निर्देश केला.

नावांचा हा क्रम एकत्र पाहिला असता त्यातली विसंगती उघड होते. ‘मोर्देशिन’ हे नाव हिंदुस्थानी भाषेतले होते, पण त्यात हिंदुस्थानावर आरोप नव्हता. ‘एशियाटिक कॉलरा’ हे नाव ग्रीक मुळापासून घडवलेले आहे आणि त्यातले विशेषण भूगोलाचा आरोप वाहते. देशी शब्द गेला आणि देशाचे नाव रोगाला चिकटले. ज्या भाषिक समाजाने या रोगाला सर्वांआधी नाव देऊन ठेवले होते त्याची साक्ष रद्द झाली. मात्र त्याचा देश आरोपी म्हणून उभा राहिला.

जॉन मॅक्फर्सन या बंगालमधील माजी वैद्यकीय अधिकाऱ्याने १८७२ मध्ये १८१७ पूर्वीच्या पटकीचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्याने जुने आधार एकत्र करून नवेपणाचे मत खोडले. यूलने ‘हॉब्सन-जॉब्सन’मध्ये तो धागा पुढे नेला. ‘मॉर-द-शियाँ’ या नावाचा पूर्वी असलेला प्रसार हाच बहुधा या निराधार समजुतीला कारण झाला, असे त्याने म्हटले. जुन्या कागदपत्रांत रोग होता, पण तो दुसऱ्या नावाने होता. नाव ओळखले न गेल्याने रोगही ओळखला गेला नाही. ज्या कोशाचे शीर्षकच मोहरममधील ‘या हसन, या हुसेन’ या आक्रोशाच्या इंग्रजी अपभ्रंशातून आले त्या कोशाने लोकव्युत्पत्तीचा असा छडा लावावा, हे त्याच्या प्रकृतीला धरूनच झाले. ड्रमंडच्या नोंदीत हे नाव इंग्लंडमधील खेडुतांच्या तोंडी असल्याचे विधान आहे. ते उद्धृत करताना यूलने तेथे प्रश्नचिन्ह घातले. त्या एका चिन्हात त्याची शास्त्रीय सावधगिरी दिसते.

तरीही यूलच्या युक्तिवादाची मर्यादा नोंदवणे आवश्यक आहे. शब्दाचे सातत्य सिद्ध झाले म्हणून वस्तूचे सातत्य सिद्ध होत नाही. ‘मोर्देशिन’ या नावाखाली कोरैयाची साथ आहे, ओर्ताचा एकटा रोगी आहे, ओव्हिंग्टनचे अतिभोजन आहे आणि तेव्नोचे चार पोटशूळ आहेत. १८८४ साली कोखने कलकत्त्यात अभ्यासलेला जंतू या साऱ्यांत होता, असे कोणतीही व्युत्पत्ती सांगू शकत नाही. १५४३ चा शवविच्छेदक आणि १८८४ चा सूक्ष्मदर्शक यांच्यामध्ये ‘रोग’ या संकल्पनेचीच पुनर्रचना झालेली आहे. लक्षणांच्या समुच्चयाला दिलेले नाव आणि जंतूच्या आधारे दिलेले नाव ही दोन वेगळ्या प्रकारची नावे होत.

शब्द जे निश्चित सिद्ध करतो ते याहून कमी असले, तरी क्षुल्लक नाही. पश्चिम किनाऱ्यावरच्या लोकांना वांती, जुलाब आणि झपाट्याने ढासळणारे शरीर यांचा एकत्रित अनुभव इतका परिचित होता की त्यांच्या भाषेत त्याला स्वतंत्र नाव होते. आणि परक्यांना तो अनुभव सांगण्यासाठी आपल्या भाषेत पुरेसा शब्द सापडला नाही. ‘हा रोग येथे नव्हताच’ या विधानाचे खंडन करण्यास एवढे पुरेसे आहे. ‘तो हाच रोग होता’ हे ठरवण्यास मात्र कोरैया आणि ओर्ता यांची लक्षणवर्णनेच कामी येतात, शब्द नव्हे.

६

मूळ शब्दाकडे पाहिले तर ही सावधगिरी अधिकच पटते. यूलने ‘मोडशी’चा संबंध ‘मोडणे’ या क्रियापदाशी जोडला. ‘अंग मोडून येणे’ यासारखे प्रयोग त्याला अर्थाच्या बाजूने पुष्टी देतात. पण शब्दातल्या ‘-शी’चा उलगडा एवढ्याने होत नाही. परिचित क्रियापदाच्या आधाराने दुर्बोध शब्द समजून घेण्याची ही रीत फ्रेंच भाषकाच्या रीतीची दूरची नातलग आहे. फरक एवढाच की येथे क्रियापद आणि शब्द एकाच भाषेतले आहेत आणि अनुमान तपासता येते.

दुसरी गोष्ट मराठीतल्या अर्थांतराची. महामारीसाठी मराठीत ‘पटकी’, ‘वाखा’, ‘जरीमरी’ असे शब्द रूढ झाले. भीतीचे आणि देवतेचे वलय ‘जरीमरी’ला मिळाले, सरकारी कागदांतले स्थान ‘पटकी’ला. ‘मोडशी’ घरातच राहिली. खाल्लेले न पचणे, मळमळणे, पोट बिघडणे अशा अर्थाने ती घरगुती उपचारांच्या बोलीत उरली. समुद्रापार गेलेले रूप मरणाचे नाव झाले आणि मागे राहिलेले रूप अजीर्णाचे. १७०२ च्या पत्रातही तिला मोठे अजीर्णच म्हटले होते, हे आठवले की सौम्य आणि तीव्र हे दोन्ही अर्थ शब्दात आरंभापासून एकत्र नांदत असावेत, असे म्हणणे सयुक्तिक वाटते.

म्हणून ‘मोडशी ते मॉर-द-शियाँ’ ही कथा शुद्ध मुळापासून विकृत रूपाकडे झालेल्या घसरणीची नाही. प्रत्येक टप्प्यावर शब्द कोणीतरी नव्याने वाचला आहे. पोर्तुगिजांनी कानाने, फ्रेंचांनी अर्थाच्या गरजेने, इंग्रजांनी दुसऱ्यांच्या विश्वासावर, यूलने इतिहासाचा पुरावा म्हणून. या वाचनांत एक वाचन सतत गैरहजर राहिले. ज्यांनी हे नाव प्रथम उच्चारले त्यांचे स्वतःचे लेखी निवेदन या साखळीत कोठेच नाही. त्यांचा शब्द आहे, पण तो दुसऱ्यांच्या लिपीत आहे. ओर्ताच्या संवादात निरोप घेऊन आलेला नोकर ‘मोर्शी’ एवढाच शब्द बोलून जातो. त्याला नाव नाही आणि पुढे संभाषणही नाही. शब्दाच्या पुढील सर्व प्रवासाला त्याचा तो एक उच्चार पुरला.